ई-शासन आणि नगरांतील नवप्रवर्तन : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

१८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित होता. वऱ्हाडचा कापूस तेव्हा इंग्लंडमधील गिरण्यांना हवा होता आणि खामगाव ही त्या कापसाची मोठी पेठ होती. बैलगाडीने दिवसच्या दिवस घेणारा माल आगगाडीने मुंबई बंदराकडे जाऊ लागला. त्या काळाच्या मानाने हे दळणवळणाचे सर्वांत आधुनिक तंत्र होते. तथापि बाजाराच्या इतिहासात वऱ्हाडचे नाव आज घेतले जाते ते या लोहमार्गामुळे नव्हे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार कोठे भरावा, तो कोणी चालवावा आणि तेथील व्यवहार कोणत्या नियमाने व्हावेत, हे प्रश्न त्याने सोडविण्याचा प्रयत्न केला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची परंपरा तेथवर मागे जाते.

लोहमार्गाने वेग आणला. नवी रचना मात्र नियमाने व संस्थेने आणली. वेग आणि नवप्रवर्तन यांतील हा भेद ई-शासनाच्या चर्चेत बहुधा पुसला जातो. शासनाचा कारभार संगणकावर आला की शहरांतील नवप्रवर्तनाला आपोआप चालना मिळते, असे गृहीतक शासकीय धोरणांत आणि बऱ्याच संशोधनपर लेखनातही आढळते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा बुलढाणा जिल्ह्यातील नगरांच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे.

नवप्रवर्तन कशास म्हणावे?

या विषयावरील परदेशी अभ्यास, विशेषतः चीनमध्ये २०१२ नंतर राबविलेल्या ‘स्मार्ट’ शहरांच्या प्रायोगिक धोरणांवरील अभ्यास, नवप्रवर्तनाचे माप म्हणून बहुधा पेटंटची संख्या घेतात. निवडलेली शहरे आणि न निवडलेली शहरे यांतील पेटंटची तुलना करून निष्कर्ष काढले जातात. ही पद्धत संख्याशास्त्रीयदृष्ट्या सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु जेथे संशोधन करणाऱ्या मोठ्या कंपन्या नाहीत, प्रयोगशाळा नाहीत आणि पेटंटसाठी अर्ज करण्याची सवयही नाही, अशा नगरांना हे माप लावले तर उत्तर जवळजवळ शून्य येईल. त्यावरून मेहकर किंवा मलकापूर येथे काही नवे घडतच नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे मापाचा दोष वस्तूवर लादणे होय.

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटर याने १९११ मध्ये आर्थिक विकासाचा सिद्धांत मांडताना नवप्रवर्तनाची अधिक व्यापक कल्पना दिली होती. नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि नवी संघटना असे त्याने त्याचे पाच प्रकार सांगितले. या पाचही प्रकारांचा गाभा एकच आहे : उपलब्ध असलेल्या गोष्टींची पूर्वी न झालेली जुळणी. लहान नगरांच्या अभ्यासासाठी पेटंटच्या संख्येपेक्षा ही कसोटी अधिक उपयुक्त आहे. म्हणून मूळ प्रश्नही वेगळ्या शब्दांत विचारावा लागेल. ई-शासनामुळे नगरातील माणसांना आणि संस्थांना अशी नवी जुळणी करणे सोपे होते काय?

महाराष्ट्रातील ई-शासनाची वाटचाल

महाराष्ट्रात या क्षेत्रातील प्रयोग लवकर सुरू झाले. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणा सहकारी समूहाच्या आधारे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकांना आपल्या उसाची नोंद, वजन व देयक यांची माहिती गावातच संगणकावर मिळावी, हा त्याचा प्रमुख उपयोग ठरला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या वापराचा अभ्यास केला, तेव्हा संगणकांचा वापर मुख्यतः उसाच्या नोंदींपुरताच होत असल्याचे दिसून आले. त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर तेच काम करून दाखविले. त्याविषयीचे लेखन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकल्प ग्रामीण असला तरी त्यापासून मिळणारा धडा नगरांनाही लागू पडतो. प्रत्यक्ष वापर पाहून रचना बदलता आली, कारण ती बदलण्याचा अधिकार स्थानिक संस्थेच्या हाती होता.

नागरी क्षेत्रात कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २००२ च्या सुमारास नागरी सुविधा केंद्र व संगणकीकृत कारभार सुरू केला. हा प्रयोग एका महापालिकेच्या गरजेतून घडला होता. कर, दाखले व तक्रारी यांची कामे एका खिडकीवर आणताना तेथील विभागांना आपल्या कार्यपद्धतींचा पुनर्विचार करावा लागला. नंतर हाच नमुना राज्यातील इतर महापालिकांकडे नेण्यात आला. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात ई-शासन ही नागरी संस्थांसाठी अनिवार्य सुधारणा ठरली. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना आली, २०१५ मध्ये महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम झाला आणि ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ सेवांचे प्रमुख द्वार बनले.

या वाटचालीत एक सूक्ष्म स्थित्यंतर झाले. कल्याण-डोंबिवलीत नवप्रवर्तन महापालिकेत घडत होते. पुढील टप्प्यांत नगरसंस्था सिद्ध प्रणालीची ग्राहक बनली. प्रणाली घडविण्याचे काम मुंबई, पुणे, बंगळूर येथील कंपन्या व संस्थांकडे गेले. उदाहरणार्थ, बांधकाम नकाशांची संगणकीय छाननी करणारी ‘ऑटोडीसीआर’ ही प्रणाली पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीने विकसित केली. शासनाच्या मागणीतून एक नवे उत्पादन उभे राहिले, हे येथे स्पष्ट दिसते. म्हणजे ई-शासनाने नवप्रवर्तनाला चालना दिली हे विधान खोटे नाही. परंतु ती चालना कोणत्या शहराला मिळाली, हा प्रश्न त्या विधानात झाकला जातो. प्रणाली जेथे घडते तेथे नवप्रवर्तन होते. ती जेथे केवळ वापरली जाते तेथे सुविधा होते. सुविधेचे मोल कमी नाही, पण तिला नवप्रवर्तन म्हणता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील नगरे

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून तीपैकी एक पंचमांशाहून थोडी अधिक नागरी आहे. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. खामगाव हे सर्वांत मोठे शहर. पण त्याची लोकसंख्याही त्या जनगणनेत एक लाखाच्या आतच होती. नेहरू अभियानात महाराष्ट्रातून बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व नांदेड ही शहरे होती. २०१५ मध्ये सुरू होऊन ३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या स्मार्ट सिटी अभियानात राज्यातील आठ शहरे होती. त्यांत विदर्भातून एकटे नागपूर होते आणि अमरावती विभागातील एकही शहर नव्हते. त्यामुळे मोठ्या शहरांतील नियंत्रण कक्ष आणि संवेदकांची चर्चा येथे अप्रस्तुत ठरते. या जिल्ह्यात ई-शासन पोहोचले ते अर्ज, दाखला, कर भरणा आणि शिष्यवृत्ती या रूपांत.

या रूपाचे लाभ मान्य केलेच पाहिजेत. जिल्ह्याची भौगोलिक रचनाच अशी आहे की घाटाखालच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यासाठी घाट चढावा लागतो. जळगाव जामोद किंवा संग्रामपूर येथील नागरिकाला घराजवळच्या केंद्रावर दाखला मिळणे म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचणे होय. लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत लावली आणि अपिलाचा मार्ग दिला, हेही मोठे परिवर्तन आहे.

नवप्रवर्तनाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते ते महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचे उदाहरण. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम २००२ पासून सुरू झाला. शासकीय सेवेसाठी संगणकज्ञानाची अट आल्याने त्याला मागणी निर्माण झाली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तरुणांनी स्वतःच्या भांडवलावर प्रशिक्षण केंद्रे उघडली. शासकीय मागणीतून लहान गावात एक नवा व्यवसाय उभा राहिला, याचे हे ठळक उदाहरण होय. या केंद्रचालकाला जागा, वेळा, विद्यार्थी मिळविण्याची रीत आणि जोडीला चालवायचे इतर अभ्यासक्रम ठरविण्याचे बरेच स्वातंत्र्य होते.

याउलट सेवा केंद्राच्या चालकाची स्थिती पाहावी. सेवा कोणत्या, शुल्क किती, अर्जाचा नमुना कोणता, हे सर्व वरून ठरलेले असते. अर्जातील कोणत्या रकान्यापाशी माणसे अडतात, कोणती कागदपत्रे निष्कारण दोनदा मागितली जातात, कोणत्या त्रुटीमुळे प्रकरणे परत येतात, याचे ज्ञान या चालकाइतके अन्य कोणाजवळ नसते. तथापि हे ज्ञान प्रणाली घडविणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट रचनेतच ठेवलेली नाही. नगरपरिषदेतील लिपिकाचेही तेच. त्याच्यासमोरील पडद्यावर कराची मागणी व वसुली दिसते; परंतु आपल्या नगराचा एखादा वेगळा प्रश्न त्याच आकडेवारीला विचारायचा झाल्यास त्याला बाहेरच्या पुरवठादाराकडे पाहावे लागते. अनुभव खाली साठतो आणि अधिकार वर राहतो. या दोहोंची गाठ न पडल्याने नवी जुळणी होत नाही.

जिल्ह्यातील नवप्रवर्तनाचे दोन दाखले

बुलढाणा जिल्ह्यात नवप्रवर्तनाची क्षमताच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिला दाखला बुलडाणा अर्बन सहकारी पतसंस्थेचा. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संस्था एका आडवळणाच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून देशातील मोठ्या पतसंस्थांत गणली जाऊ लागली. गोदाम आणि कर्ज यांची तिने घातलेली सांगड महत्त्वाची आहे. शेतकऱ्याने माल गोदामात ठेवावा, त्याच्या तारणावर कर्ज घ्यावे आणि हंगामातील पडत्या भावाने विक्री करण्याची सक्ती टाळावी, अशी ही रचना आहे. गोदाम जुने, सावकारी जुनी, सहकारही जुना. जुळणी मात्र नवी. शुंपीटरच्या भाषेत हे नव्या संघटनेचे उदाहरण होय.

दुसरा दाखला ‘बुलढाणा पॅटर्न’चा. महामार्गांच्या भरावासाठी माती-मुरूम लागतो आणि त्यासाठी एरवी टेकड्या व पडीक जमिनी खणल्या जातात. दुसऱ्या बाजूला तलाव, नाले व नद्यांची पात्रे गाळाने भरलेली असतात. २०१७-१८ नंतरच्या काळात या जिल्ह्यात जलसाठे खोल करून निघालेला माल महामार्गाच्या कामास वापरण्यात आला. कंत्राटदाराला भराव मिळाला आणि गावाला पाणी साठविण्याची जागा मिळाली. पुढे नीती आयोगानेही या पद्धतीची दखल घेतली. कच्च्या मालाचा नवा स्रोत या प्रकारात ती बसते.

या दोन्ही उदाहरणांत संगणकप्रणाली निर्णायक नव्हती. दोन वेगळ्या गरजा एकाच वेळी ज्याला दिसल्या आणि त्या जुळविण्याचा अधिकार किंवा वजन ज्याच्याजवळ होते, त्याने हे घडविले. येथेच ई-शासनाची खरी संधी आणि खरी उणीव या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. रस्ते विभागाला कोठे किती भराव हवा आणि जलसंधारण विभागाच्या नोंदीत कोठे किती गाळ आहे, या दोन याद्या एकाच नकाशावर आल्या तर अशी जुळणी योगायोगावर अवलंबून राहणार नाही. नागपूर येथे राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. म्हणजे नकाशांचे तंत्र आपल्याजवळ नाही असेही नाही. परंतु आपली बहुतेक संकेतस्थळे विभागवार उभी राहिली. पूर्वी दोन विभागांच्या कपाटांमध्ये भिंत होती. आता दोन संकेतस्थळांमध्ये आहे. कागद गेला, भिंत राहिली.

लोकप्रतिनिधींविना चाललेला कारभार

या चर्चेत एका अलीकडील अनुभवाकडे दुर्लक्ष करता येत नाही. २०२१-२२ च्या सुमारास मुदत संपलेल्या राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक नेमले गेले आणि निवडणुका होण्यास डिसेंबर २०२५ उजाडले. सुमारे चार वर्षे नगरांना निर्वाचित सभागृह नव्हते. या काळात ऑनलाइन कर भरणा चालूच राहिला, दाखलेही निघत राहिले. कार्यक्षमतेच्या कसोटीवर ई-शासन उत्तीर्ण झाले, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या यंत्रणेला सभागृह असले काय आणि नसले काय, फरक पडत नाही, ती यंत्रणा नगराची आहे की नगरात ठेवलेली आहे, हा प्रश्न येथे उद्भवतो.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना स्वशासनाच्या संस्था मानले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. मात्र प्रभाग समित्यांची घटनात्मक तरतूद तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एकही नगर तीत बसत नाही. अशा ठिकाणी नागरिकांचे गाऱ्हाणे धोरणाच्या प्रश्नात रूपांतरित करण्याची जागा म्हणजे नगरपरिषदेचे सभागृह हीच होय. संकेतस्थळ तक्रार नोंदवून घेते, तिला क्रमांक देते आणि निकाली काढते. सभागृहात तीच तक्रार दहा जणांकडून आली तर नळयोजनेच्या वेळापत्रकाविषयी ठराव होऊ शकतो. निकाली निघालेली तक्रार आणि बदललेले वेळापत्रक यांतील अंतर तेच सुविधा आणि नवप्रवर्तन यांतील अंतर होय.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. लहान नगरपरिषदांजवळ तांत्रिक मनुष्यबळ नाही. प्रत्येकीने स्वतंत्र प्रणाली उभारली तर खर्च वाढेल, माहितीची सुरक्षितता धोक्यात येईल आणि अधिकारी बदलताच प्रणाली बंद पडेल. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमानंतर तर ही जबाबदारी अधिकच वाढली आहे. म्हणून एकच प्रमाणित प्रणाली सर्वांना द्यावी, हे धोरण व्यवहार्य आहे.

या आक्षेपात तथ्य आहे. परंतु एकसूत्रता आणि बंदिस्तपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय’ या देयक व्यवस्थेत नियम समान आहेत, तरीही त्यांवर वेगवेगळ्या संस्थांनी आपापली उपयोजने उभारली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियानामागेही समान पाया आणि त्यावर विविध रचना हाच विचार आहे. नगरपरिषदांच्या प्रणालींत पाया समान ठेवून कडा मोकळ्या ठेवणे म्हणूनच अशक्य नाही. नाव, आधार क्रमांक, मालमत्तेची वैयक्तिक नोंद संरक्षित राहावी. परंतु प्रभागवार पाणीपुरवठ्याच्या वेळा, कचरा संकलन, दिवाबत्तीच्या तक्रारी यांची एकत्रित आकडेवारी वापरण्याजोग्या स्वरूपात खुली असावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ स्वयंप्रेरणेने माहिती प्रकट करण्याचे कर्तव्य सांगतेच. ते कर्तव्य केवळ छायाप्रती संकेतस्थळावर टाकून पूर्ण होत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

मोकळ्या कडांवर काम करण्यासाठी स्थानिक माणसे लागतील आणि ती या जिल्ह्यात आहेत. शेगाव येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून कार्यरत आहे. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये बहुतेक तालुक्यांत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क व कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. हे श्रेयांक पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्यांना कोठे पाठवावे, हा आपणा सर्वांपुढील प्रश्न आहे. आणि आपले काम कोणाकडून तपासून घ्यावे, हा नगरपरिषदेपुढील प्रश्न आहे. दोन गरजा समोरासमोर आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आकडेवारी मांडावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिचा अर्थ लावावा, मराठीच्या विद्यार्थ्याने अर्जाची भाषा सामान्य माणसाला समजेल अशी करावी आणि हा अहवाल सभागृहापुढे ठेवला जावा. सेवा केंद्रांच्या चालकांचा अनुभव नोंदविणारा एखादा क्षेत्रप्रकल्पही जिल्ह्यातील ई-शासनाविषयी आजवर न झालेले काम करू शकेल.

याबरोबरच पहिला ग्राहक होण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१८ च्या नवउद्यम धोरणानंतर निवडक नवउद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतचे शासकीय कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली. हेच तत्त्व लहान रकमेत नगरपरिषदेच्या पातळीवर आणता येईल. चिखलीच्या तरुणाने चिखलीच्या पाणीपुरवठ्यासाठी काही घडविले आणि ते त्याच्याच नगरपरिषदेने प्रथम वापरले, तर त्या तरुणास पुण्यास जाण्याचे एक कारण कमी होईल.

समारोप

ई-शासनाचा नवप्रवर्तनावर होणारा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. प्रणाली घडविणाऱ्या शहरांत तो प्रत्यक्ष दिसतो. प्रणाली वापरणाऱ्या नगरांत तो आपोआप दिसत नाही. तेथे तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : नगराची माहिती नगराला परत मिळणे, ती पाहून कार्यपद्धती बदलण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस असणे आणि वेगवेगळ्या विभागांच्या गरजा एकत्र पाहता येणे. या अटींविना ई-शासन वेग देते आणि तेथेच थांबते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांपुढे या तीन अटींचा विषय मांडणे हे काम जिल्ह्यातील महाविद्यालये करू शकतात. किती दाखले वेळेत निघाले, हा प्रश्न शासन विचारीतच राहील. दाखल्यांच्या त्या नोंदींतून आपल्या नगराविषयी आपण काय शिकलो, हा प्रश्न मात्र नगरातच विचारला गेला पाहिजे.